सोलापूर ते महाड : आठ दिवसांच्या सायकल सहलीचे नियोजन

आपल्या निवासी शाळेत वाढलेल्या मुलाला शिस्तीने राहणे ठाऊक असते. आपले अंथरूण आपण घालणे, पंगतीत वाढणे, आजारी सोबत्याशेजारी रात्र काढणे हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु घरून वसतिगृहात व वसतिगृहातून घरी एवढाच प्रवास पुष्कळ मुलांच्या वाट्याला येतो. कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कुणाची आई विड्या वळते. सहल ही गोष्ट अशा घरांत खर्चाच्या यादीत शेवटीसुद्धा नसते. या मुलांना आपला जिल्हा ओलांडून, स्वतःच्या पायांच्या बळावर, सह्याद्रीचा माथा चढून पलीकडे कोकणात उतरता येईल काय, आणि ते सुखरूपपणे कसे घडवून आणता येईल, याचा अभ्यास आम्ही शिक्षक व काही माजी विद्यार्थ्यांनी मिळून केला. त्याचा सारांश स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. मार्ग निवडला आहे सोलापूर ते महाड. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, दिवस आठ.

महाड का, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. पण या सहलीच्या नियोजनाशी आणखी एका प्रवासाचा संबंध आहे, आणि तो प्रथम सांगणे आवश्यक वाटते.

एका जुन्या प्रवासाचा धडा

सन १९०१. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्या वेळी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. सुट्टीत वडिलांना भेटावयास साताऱ्याहून चार मुले निघाली: भीमराव, त्यांचे बंधू आणि मोठ्या बहिणीची दोन मुले. नवे कपडे, खर्चाला पैसे, डब्यात खाणे, सगळे घेतलेले होते. आगगाडीने ती मसूर स्थानकावर उतरली. परंतु न्यायला कोणीच आलेले नव्हते. येण्याची तारीख कळविणारे पत्र घरच्या नोकराच्या विसराळूपणामुळे वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. मुले कोणत्या जातीची, हे कळताच गाडीवान मिळेनासे झाले. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एकजण तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर. रात्र पडली. जवळ अन्न होते, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर मागूनही पाणी मिळाले नाही. घशाखाली घास उतरेना, म्हणून अन्न तसेच ठेवून मुले उपाशी झोपली. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत स्वतः नोंदविला आहे.

सहलीचा आराखडा करताना हा प्रवास आम्ही अनेकदा वाचला. त्यात दोन गोष्टी घडल्या आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पत्र न पोचणे हा अपघात होता. पाणी न मिळणे हा अपघात नव्हता. तो समाजाने जाणूनबुजून केलेला अन्याय होता. पहिल्यावर उपाय आहे नियोजन. दुसऱ्यावर कोणत्याही नियोजनाने उपाय झाला नसता. त्यासाठी सव्वीस वर्षांनी चवदार तळे गाठावे लागले. आपली मुले ज्या वाटेने जाणार आहेत ती वाट त्याच खटाव तालुक्यातून जाते. अन्यायाविरुद्धचा लढा पूर्वजांनी लढला. निदान अपघाताविरुद्धची तजवीज तरी आपण चोख ठेवली पाहिजे.

मार्ग आणि मुक्काम

पहिला दिवस : सोलापूर ते पंढरपूर, सुमारे ७० किलोमीटर. रस्ता सपाट, मुलांना तुकडीने चालण्याची सवय लागावी म्हणून हा दिवस.
दुसरा दिवस : पंढरपूर ते म्हसवड, सुमारे ६० किलोमीटर. माणदेशाचा कोरडा मुलूख सुरू होतो.
तिसरा दिवस : म्हसवडहून गोंदवले, दहिवडीमार्गे पुसेगाव, ५५ ते ६० किलोमीटर. चढउतार जाणवू लागतात.
चौथा दिवस : पुसेगाव, कोरेगाव, सातारा, सुमारे ४० किलोमीटर. दुपारनंतर विसावा व शहरदर्शन.
पाचवा दिवस : सातारा ते मेढा, सुमारे २५ किलोमीटर. मुद्दाम लहान ठेवलेला दिवस. सायकलींची पूर्ण तपासणी.
सहावा दिवस : मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, २८ ते ३० किलोमीटर. सहलीतील खरा चढ.
सातवा दिवस : महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, सुमारे ४० किलोमीटर. सहलीतील खरा उतार.
आठवा दिवस : पोलादपूर ते महाड, सुमारे १८ किलोमीटर. महामार्गावरील वाहने वाढण्यापूर्वी, उजाडताच.

या मार्गावर भूगोलाचे एक मोठे पाठ्यपुस्तक उघडे पडलेले आहे. भीमा, माण, येरळा, कृष्णा, वेण्णा या नद्या मुले एकामागून एक पाहतील. या सगळ्यांचे पाणी अखेर कृष्णेतून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णा संगम आहे. तेथून पुढे मेढ्यापर्यंतचा रस्ता वेण्णेच्याच खोऱ्यातून जातो. महाबळेश्वरचा माथा ओलांडला की पाण्याची दिशा बदलते. तेथे उगम पावणारी सावित्री पश्चिमेला धावते आणि महाडवरून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे शेवटचे दोन दिवस मुले सावित्रीच्या सोबतीने उतरत असतील. ‘जलविभाजक’ हा शब्द नकाशावर समजावून सांगण्यासाठी जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात तो येथे डोळ्यांना दिसतो.

साताऱ्याचा अर्धा दिवस राखून ठेवण्यास कारण आहे. याच शहरातील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र राहून शिकता यावे म्हणून वसतिगृह काढले तेही साताऱ्यातच. वसतिगृहात वाढणाऱ्या मुलांना या दोन ठिकाणांचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागणार नाही.

काळाची निवड

महाडला जावयाचे तर २० मार्चला जावे, अशी इच्छा प्रथम कोणालाही होईल. आम्ही ती बाजूला ठेवली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोलापूर-माणदेशाचा पारा ३७-३८ अंशांवर गेलेला असतो आणि परीक्षाही तोंडावर असतात. पावसाळा तर वर्ज्यच. बुद्धकाळापासून भिक्खू वर्षावासाचे तीन महिने एका जागी राहत आले आहेत. त्या नियमामागे उगवत्या पिकांचा व जीवजंतूंचा विचार होता, तसा प्रवासातील धोक्यांचाही असावा. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी बस दरीत कोसळून मोठी जीवितहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला. पावसात हा मुलूख पाहावा तो दुरून.

म्हणून आम्ही १९ ते २६ जानेवारी हे दिवस सुचवितो. तोवर सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे मुख्य दिवस आटोपलेले असतात. वाटेवरील म्हसवड आणि पुसेगाव येथील मोठ्या यात्राही झालेल्या असतात, त्यामुळे रस्ते व शाळांची पटांगणे मोकळी मिळतात. हवा कोरडी असते आणि पठारावरचा वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे पाठीमागून येतो. आणि २६ जानेवारीची सकाळ महाडला उजाडते. ज्यांनी त्या गावी पाण्याचा हक्क मागितला त्यांनीच पुढे संविधानाच्या मसुद्याचे काम पाहिले. मुलांनी प्रजासत्ताक दिन तेथे साजरा करावा, याहून योग्य योजना आम्हांस सुचली नाही.

या दिवसांत एक धोका मात्र असतो, तो उसाच्या वाहनांचा. गळीत हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर व बैलगाड्या पंढरपूर आणि कोरेगाव-सातारा भागांत रस्ताभर असतात. ट्रॉलीबाहेर उसाचे शेंडे आलेले असतात व मागे रिफ्लेक्टर असेलच असे नाही. यावर एकच नियम : सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर एकही सायकल रस्त्यावर असणार नाही. दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठावयाचा, असा प्रत्येक दिवसाचा हिशेब धरला आहे. दोन तास उशीर झाला तरी मुले उजेडातच पोचली पाहिजेत.

चढ म्हणजे काय, हे गणिताने

मेढा ते महाबळेश्वर हा चढ साधारण सहाशे मीटर उंचीचा आहे. पालकांना तो आकडा भीतिदायक वाटेल. म्हणून तो फोडून पाहू. मुलाचे व सायकलीचे मिळून वजन ६० किलो धरले, तर एवढे वजन ६०० मीटर उचलण्यास सुमारे ३५३ किलोज्यूल कार्य करावे लागते. आपले शरीर खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच अशा कामात बदलू शकते. म्हणजे घाट चढण्यासाठी लागणारे अन्न सुमारे ३४० कॅलरींचे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात जवळजवळ तेवढीच ऊर्जा असते. सोप्या शब्दांत, केळघर घाट म्हणजे एक मोठी भाकरी! रोजचे जेवण आहेच, त्यावर ही एक.

घाट कठीण होतो तो अंतराने नव्हे, घाईने. येथे गिअरचा उपयोग समजून घ्यावा. २६ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर पुढे जाते. साध्या सायकलीस पुढे ४४ व मागे १८ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटर जाते. गिअरच्या सायकलीवर पुढे २८ व मागे २८ दाते घेतले, तर एका फेऱ्यात दोनच मीटर. शंभर मीटरला चार मीटर चढ धरला, तर पहिल्या मुलाला प्रत्येक फेऱ्यात वीस सेंटिमीटर वर चढावे लागते, दुसऱ्याला आठ. पहिला गुडघे दुखवून घेतो. दुसरा सावकाश का होईना, बोलत बोलत वर जातो. म्हणून या सहलीसाठी गिअरच्या सायकली आवश्यक मानल्या आहेत. घाटात ताशी पाच-सहा किलोमीटर हा वेग पुरेसा आहे. सकाळी सातला मेढा सोडले, तर विश्रांती धरूनही दोनपर्यंत महाबळेश्वर येते. ज्याला उतरून सायकल ढकलावीशी वाटेल, त्याने खुशाल ढकलावी.

तुकड्या आणि गाड्या

चोवीस विद्यार्थी, बारा मुली व बारा मुलगे, सर्व नववीचे. सोबत आठ मोठी माणसे, त्यांत किमान तीन शिक्षिका. सहा-सहांच्या चार तुकड्या. प्रत्येक तुकडीपुढे एक वाटाड्या व मागे एक पाठीराखा, दोघेही मोठे. तुकडीत सर्वांत सावकाश चालणारे मूल वाटाड्याच्या लगेच मागे ठेवावयाचे. तुकडीचा वेग तेच ठरविते. सशक्त मूल पुढे ठेवले तर मागचे मूल दिवसभर धापा टाकत पाठलाग करते आणि विश्रांतीच्या जागी ते पोचते तेव्हा पुढच्यांची विश्रांती संपलेली असते. ज्याला विसाव्याची गरज अधिक त्यालाच तो मिळत नाही. ही गोष्ट लहान दिसते, पण सहल आनंदाची होणार की छळाची, हे बहुधा तिच्यावरच ठरते.

दोन गाड्या सोबत राहतील. सामानाचा टेम्पो स्वयंपाकाचे साहित्य, तंबू व अंथरुणे घेऊन पुढे जाईल, म्हणजे मुले पोचतील तेव्हा चुलीवर चहा असेल. जीप सर्वांत शेवटच्या सायकलीच्या मागे राहील. ती कधीही पुढे जाणार नाही. तिच्यात प्रथमोपचार पेटी, पाण्याचे जार, दोन जादा सायकली आणि तीन जागा मोकळ्या असतील. आंबेनळी घाटात काही वळणांवर मोबाइलला रेंज नसते. म्हणून दर पाच किलोमीटरवर थांबून सर्व तुकड्यांची हजेरी घ्यावयाची आणि ती कागदावर मांडावयाची.

पाणी आणि भाकरी

दिवसभर सायकल चालविणाऱ्या मुलास पिण्यासाठी चार ते पाच लिटर पाणी लागते. ड्रायव्हर व स्वयंपाकी धरून छत्तीस माणसांना दिवसाचे १८० लिटर. स्वयंपाक व भांड्यांसाठी जवळजवळ तेवढेच आणखी. यांपैकी शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच जार, जीपमध्ये कायम भरलेले राहतील, बाकी मुक्कामी. माणदेशात पुढच्या गावी पाणी मिळेल असे गृहीत धरावयाचे नाही. प्रत्येक ठिकाणी कोणाकडून, कोणत्या नळाचे वा विहिरीचे पाणी घ्यावयाचे, हे आधी जाऊन पाहिले पाहिजे. तहान लागण्याची वाट न पाहता अर्ध्या तासाने चार घोट, हा नियम. उन्हाने थकलेल्या मुलासाठी ओआरएसची पाकिटे. एक लिटर पाण्यात एक पूर्ण पाकीट, कमी-जास्त नाही.

अन्नाच्या बाबतीत आपण सोलापूरकर भाग्यवान आहोत. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आठ दिवस टिकते, वजनाला हलकी असते, आणि तिला शीतकपाट लागत नाही. गूळ, शेंगदाणे, केळी ही वाटेत. मुक्कामी गरम डाळ-भात व भाजी. महाडच्या १९२७ च्या परिषदेस पंधरा वर्षांच्या मुलापासून सत्तर वर्षांच्या वृद्धापर्यंत माणसे दूरदूरच्या गावांहून खांद्याच्या झोळीत भाकरी बांधून पायी आली होती, असे चरित्रकार नमूद करतात. त्याच परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, कारण परिषदेच्या जागी अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते. रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आदी मंडळींनी तेथे जी व्यवस्था उभी केली, तीत भाषणांइतकेच महत्त्व जेवणाला, निवाऱ्याला व या पाण्याला होते. इतिहासाच्या पुस्तकांत या कामांना एखादीच ओळ मिळते. ती केल्यावाचून मात्र कोणतीही परिषद भरत नाही आणि कोणतीही सहल पार पडत नाही.

आपल्या तळावर एकच रांजण व एकच ओगराळे असेल. भाकरी वाढणे मुलग्यांनी आणि पंक्चर काढणे मुलींनीही; कामांची पाळी रोज बदलेल.

मुक्कामाची जागा

तंबू शाळेच्या पटांगणात, विहाराच्या आवारात अथवा ग्रामपंचायतीने दिलेल्या जागेतच लावावेत. महाबळेश्वर परिसरात वनखात्याच्या हद्दीत तळ ठोकू नये व जाळ करू नये. जागा ठरविताना चार गोष्टी पाहाव्यात : पाणी, मुलींसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह, रात्री उजेड, आणि पाऊस वा अन्य अडचण आल्यास आत घेता येईल अशी पक्की खोली. महाबळेश्वरला जानेवारीतील रात्र फार गार असते. तेथे तंबूऐवजी पक्क्या छताखाली मुक्काम व प्रत्येकास दोन पांघरुणे हवीत.

येथे १९०१ चे पत्र आठवावे. प्रत्येक मुक्कामी आम्ही तीन वेळा कळवावयाचे ठरविले आहे : महिनाभर आधी पत्राने, आठवडाभर आधी प्रत्यक्ष जाऊन, आणि आदल्या संध्याकाळी फोनने. फोन उचलला गेला नाही तर ‘कळविले’ असे समजावयाचे नाही. गावातील एक माणूस, शक्यतो आपला माजी विद्यार्थी, गावच्या वेशीवर उभा राहील. मुलांनी पत्ता विचारीत गावात शिरावयाचे नाही. कोणीतरी त्यांची वाट पाहत असले पाहिजे.

सराव आणि सायकलीची देखभाल

सहा आठवड्यांचा सराव हवा. पहिले दोन आठवडे रविवारी हिप्परगा तलावापर्यंत जाऊन येणे. पुढे चाळीस, मग साठ किलोमीटर. अखेरच्या दोन रविवारी तुळजापूरचा घाट. सोलापूरजवळ चढाचा सराव करावयास त्याहून सोयीची जागा नाही. सरावात जे मूल थकेल त्याला वगळावयाचे नाही. त्याच्यासाठी वेग कमी करावयाचा. वगळावयाचे ते डॉक्टरांनी सांगितले तरच.

प्रत्येक मुलाने तीन कामे स्वतः शिकावीत : ट्यूब काढून पंक्चर जोडणे, उतरलेली चेन चढविणे, ब्रेकची रबरे बदलणे. माणदेशात वेड्या बाभळीचे काटे वाऱ्याने रस्त्याच्या कडेला येतात. तेथे दिवसाला पाच-सहा पंक्चर होतील असे समजूनच सोल्युशन, ठिगळे व जादा ट्यूबा घ्याव्यात. विसाव्याला सायकल कडेच्या गवतात आडवी टाकू नये, एवढी दक्षता घेतली तरी निम्मे पंक्चर टळतात.

उताराचा दिवस

चढाची भीती सर्वांना वाटते. जपावे लागते ते उताराला. महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंत मुले जवळजवळ तेराशे मीटर खाली येतात, म्हणजे केळघर घाटात जेवढे चढले त्याच्या दुपटीहून अधिक. चढताना साठविलेली ती सारी ऊर्जा ब्रेकच्या रबरांवर उष्णता होऊन उतरते. ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते, रबर झिजते आणि नेमक्या वळणावर पकड सुटते. म्हणून दोन्ही ब्रेक मिळून, थोडे दाबून थोडे सोडावयाचे; वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत; दोन सायकलींत किमान वीस मीटर अंतर; एकमेकांना मागे टाकणे पूर्णपणे बंद. हेल्मेट सर्व आठ दिवस सक्तीचे. त्या सकाळी प्रत्येक सायकलीचे ब्रेक दोन मोठ्या माणसांनी तपासून सही केल्याशिवाय ती रस्त्यावर येणार नाही.

पालकांशी दोन शब्द

आपण संमतिपत्रावर सही कराल तेव्हा आपल्या मनात एकच प्रश्न असेल : माझे लेकरू दमले, घाबरले, आजारी पडले तर? त्याचे उत्तर जीपमधील त्या तीन मोकळ्या जागा हे आहे. कोणतेही मूल, कोणत्याही वेळी, कारण न सांगता जीपमध्ये बसू शकेल. त्याला कोणी हसणार नाही, त्याच्या नावापुढे खूण होणार नाही, आणि महाडला सर्वांना जे प्रशस्तिपत्र मिळेल तेच त्यालाही मिळेल. पहिल्याच दिवशी एक शिक्षक मुद्दाम पाचेक किलोमीटर जीपमध्ये बसतील, म्हणजे त्या जागेची लाज कोणाला उरणार नाही. जीपमध्ये बसण्याची लाज वाटणारे मूलच दुखणे लपविते. आणि डोंगरात लपविलेले दुखणे सर्वांत घातक ठरते.

सहलीस शिक्षण विभागाची परवानगी, प्रत्येक मुलाची वैद्यकीय तपासणी व विमा, मार्गावरील पोलीस ठाण्यांना लेखी सूचना, वाटेवरील सरकारी रुग्णालयांची यादी, आणि १०८ व ११२ हे क्रमांक प्रत्येक मुलाच्या खिशातील कार्डावर, एवढे झाल्याशिवाय सायकली निघणार नाहीत. दररोज संध्याकाळी प्रत्येक घरी फोन येईल. ज्यांचे पालक ऊसतोडीच्या फडावर असतील, त्यांच्या टोळीच्या मुकादमाचा क्रमांक आधीच घेऊन ठेवला जाईल. त्या आईवडिलांनाही आपले मूल कोठे पोचले हे कळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे.

माजी विद्यार्थी आणि समाजबांधव

आपणांकडे आम्ही केवळ वर्गणी मागत नाही. कोणाच्या घरी गिअरची सायकल पडून असेल, ती सहा आठवडे उसनी द्यावी. कोणी मेकॅनिक असेल, त्याने चार रविवार द्यावेत. कोणी परिचारिका वा डॉक्टर असेल, त्यांनी आठांपैकी दोन दिवस जीपमध्ये बसावे. पंढरपूर, म्हसवड, पुसेगाव, सातारा, मेढा, पोलादपूर येथे ज्यांचे वास्तव्य वा नातेवाईक असतील, त्यांनी एका संध्याकाळपुरते वेशीवर उभे राहावे. या शेवटच्या कामाला पैसा लागत नाही. पण आराखड्यातील सर्वांत महत्त्वाचे काम तेच आहे.

१९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठरावही केला. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांसाठी कागदावरच राहिले. त्या दिवशी माणसे चालत तळ्यापर्यंत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. नंतर त्यांच्यावर हल्ले झाले, खटले चालले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतील पाणी यांत केवढे अंतर असते, हे आपली मुले पुस्तकात वाचतात. साडेतीनशे किलोमीटर पॅडल मारून, सावित्रीचा उगम पाहून, तिच्या सोबतीने उतरून ती जेव्हा त्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसतील, तेव्हा हे वाचलेले त्यांना आपल्या पायांनी कळलेले असेल. चोवीसच्या चोवीस जणांनी तेथे बसावे, मग कोणी सायकलीवर आले असो वा जीपमध्ये. त्यासाठी जानेवारीपूर्वी जी कामे करावयाची आहेत ती वर दिली आहेत. ज्यांना त्यांपैकी एखादे आपल्याकडे घ्यावेसे वाटेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे.